तेल दिसते कुठे आणि गळते कुठे



रात्री उभी केलेली मोटार सकाळी पुढे घेतली आणि खाली जमिनीवर रुपयाएवढा काळा डाग दिसला, की मालकाच्या पोटात गोळा येतो. गाडी जुनी असेल आणि त्यातून हौसेने घेतलेली असेल, तर विचारूच नका. शेजारी म्हणतो, "इंजिन गेलं तुमचं!" मिस्त्री म्हणतो, "गिअरबॉक्स उतरवावा लागेल." आणि मालक खिसा चाचपतो. आज मला एवढेच सांगायचे आहे की किरकोळ तेलगळतीत तेल जिथे दिसते तिथे ते बहुधा गळत नसते. त्याचे मूळ वीतभर वर किंवा हातभर पुढे असते. ते मूळ शोधण्याची एक साधी रीत आहे. ती रीत सोडून केलेली दुरुस्ती गळतीपेक्षा महाग पडते, आणि कधी कधी चांगल्या इंजिनाचा जीव घेते.

माझे उदाहरण दोन माणसांच्या एका जुन्या स्पोर्ट्स कारचे आहे. तुम्ही म्हणाल, आमच्या गावात कुठली आली स्पोर्ट्स कार? खरे आहे. पण विहिरीवरचे डिझेल इंजिन, ट्रॅक्टर, जीप, मास्तरांची मोटारसायकल, या सगळ्यांच्या पोटात तेल असते, सांध्यांत पॅकिंग असते आणि फिरत्या दांड्यांभोवती ऑईल सील असते. गळतीचे नियम सर्वांना सारखेच लागू आहेत.

उदाहरण मुंबईतल्या परळ भागातल्या भोईवाड्यातले आहे. भोई म्हणजे पालखी खांद्यावर वाहणारे आणि नदीत होडी घालणारे लोक. त्यांच्या वस्तीचे नाव आजही टिकून आहे. पालखीला इंजिन नव्हते आणि तिच्याखाली डागही पडत नव्हता! पुढे याच परिसरात कापडगिरण्या उभ्या राहिल्या, जवळच रेल्वेचा परळ कारखाना आला, आणि फिटर-टर्नर मंडळींची येथे वाण राहिली नाही. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे एकेक करून थांबले. पण पाना धरणाऱ्या हातांचे कसब त्याने संपत नसते.

मुंबईच्या मिस्त्र्यांचा हात बसला तो मुख्यतः एका गाडीवर. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० या इटालियन गाडीच्या घडणीवर तयार झालेली, आणि पुढे 'पद्मिनी' या नावाने ओळखली गेलेली ती गाडी. काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या रूपाने ती पिढ्यान्‌पिढ्या रस्त्यावर होती. तिची शेवटची टॅक्सी २००३ साली नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपताच ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रस्त्यावरून उतरली. गळणारे टॅपेट कव्हर आणि ओलसर चेंबर हे टॅक्सीवाल्याला दाढीच्या खुंटांइतके परिचयाचे. स्पोर्ट्स कारही आपल्याकडे अगदीच परकी नाही. गोव्यात सॅन मोटर्स या कंपनीने १९९० च्या दशकाच्या अखेरीस 'सॅन स्टॉर्म' नावाची दोन आसनांची, फायबरच्या अंगाची, उघड्या टपाची मोटार काढली होती. तिला रेनो या फ्रेंच कंपनीचे लहान पेट्रोल इंजिन होते. अशा गाड्या आता जुन्या बाजारात हौशी लोक शोधून घेतात. त्या घेताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हौसेची गाडी चालते कमी आणि उभी राहते फार. पावसाळ्याचे चार महिने ती ताडपत्रीखाली असते. फिरत्या दांड्याला घट्ट बसणारी रबराची ओठळी तेलाने ओली असेल तोवर मऊ राहते. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की ती सुकते, कडक होते, आणि पहिल्याच फेरीत पाझरू लागते. म्हणून "गाडी फारच कमी चाललीय" हे विकणाऱ्याचे वाक्य ऐकून हुरळून जाऊ नये.

आता गळतीकडे वळण्यापूर्वी तेल इंजिनात फिरते कसे ते पाहू. इंजिनाच्या तळाशी पत्र्याचे किंवा ॲल्युमिनियमचे भांडे असते. गॅरेजात त्याला चेंबर म्हणतात. त्यातून पंप तेल ओढतो, फिल्टरमधून गाळतो आणि दाबाने बेअरिंगांना व वरच्या कॅमशाफ्टला पोचवतो. काम झाले की तेल आपल्या वजनाने खाली ओघळून पुन्हा चेंबरात येते. म्हणजे दोन वाटा झाल्या. जाण्याची वाट दाबाची, परतीची वाट बिनदाबाची. दाबाच्या वाटेवर, म्हणजे फिल्टर, तेलदाबाचा स्विच किंवा एखादा नळ येथे गळती असेल, तर इंजिन चालू असताना तेल जोरात येते आणि बंद करताच थांबते. परतीच्या वाटेवर, म्हणजे टॅपेट कव्हर, चेंबरचे पॅकिंग किंवा दांड्यांची सीले येथे गळती असेल, तर तेल हळूहळू पाझरते आणि गाडी उभी केल्यावरही ठिबकत राहते. नुसते केव्हा गळते एवढे पाहिले तरी निम्मे संशयित गळून पडतात.

तिसरी एक वाट आहे, ती हवेची. पिस्टनच्या रिंगांतून थोडासा जळका वायू खाली निसटतोच. तो बाहेर जाण्यासाठी इंजिनाला श्वासनळी असते, तिला ब्रीदर म्हणतात. नव्या धर्तीच्या इंजिनात ही नळी तो वायू पुन्हा कार्बुरेटरकडे किंवा हवेच्या नळीकडे ओढून नेते. ही नळी तुंबली की इंजिनाच्या पोटात दाब वाढतो, आणि हा दाब चांगल्या पॅकिंगमधूनही तेल बाहेर ढकलतो. डाळीच्या कुकरची शिटी अडकली तर काय होईल ते तुम्ही जाणताच. म्हणून कुठलेही सील बदलण्यापूर्वी श्वासनळी तपासायची. इंजिन मंद चालू ठेवून तेल भरण्याचे झाकण जपून काढावे आणि तोंडावर कागदाचा कपटा धरावा. ओढून घेणाऱ्या रचनेच्या इंजिनात कपटा अलगद चिकटेल, निदान उडणार तरी नाही. तो जोराने उडाला तर नळी तुंबली आहे किंवा पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत. जुन्या ट्रॅक्टरच्या उघड्या ब्रीदरला थोडी फुंकर येणारच. पण झाकण काढताच धुराचा लोट आला तर दुखणे पॅकिंगचे नाही, पोटातले आहे.

आता भोईवाड्यातल्या गाडीचे पाहू. माझ्या परिचयाच्या एका गृहस्थांनी ही स्पोर्ट्स कार जुन्या बाजारातून घेतली होती. दिवाळीनंतर ताडपत्री काढली, चार-दोन फेऱ्या मारल्या, आणि इंजिन व गिअरबॉक्स यांच्या सांध्याखाली तेलाचे थेंब दिसू लागले. एका गॅरेजात त्यांना सांगण्यात आले, "मागचं मेन सील गेलंय. गिअरबॉक्स उतरवू, सील बदलू, उघडलंच आहे तर क्लचही नवा घाला." सील स्वतः स्वस्त असते, पण त्याच्यापर्यंत पोचायला दोन-तीन दिवसांचे काम. गृहस्थ विचारात पडले आणि गाडी भोईवाड्यातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्र्याकडे घेऊन गेले. त्याने गाडीखाली वाकून पाहिले, काही बोलला नाही, आणि पोऱ्याला म्हणाला, "रॉकेल आण, ब्रश आण. आधी आंघोळ घालू, मग बोलू."

या एका वाक्यात सगळे निदानशास्त्र आले. मळलेल्या इंजिनावर गळती शोधणे म्हणजे चिखलात पाऊलखुणा शोधण्यासारखे आहे. सहा महिन्यांपूर्वीचे तेल आणि आजचे तेल एकाच काळ्या थरात मिसळलेले असते. त्यातून तेल एका जागी स्थिरही राहत नाही. चहाच्या किटलीतून चहा ओतताना शेवटचा थेंब चोचीखालून मागे ओघळतो आणि टेबलावर पडतो, तो तुम्ही पाहिला असेल. तेलाचा स्वभाव तोच. पृष्ठाला चिकटून ते खाली उतरते, कडेकडेने सरकते, आणि जिथे पुढे धरायला जागा उरत नाही तिथे थेंब होऊन पडते. शिवाय चालत्या गाडीखालून जाणारा वारा त्याला मागे मागे रेटतो. म्हणून इंजिनाच्या वरच्या कोपऱ्यात सुटलेले तेल बऱ्याचदा मागच्या सांध्याखालीच दिसते, आणि बिचाऱ्या मेन सीलवर आळ येतो.

तेव्हा ही रीत पायरीपायरीने समजून घेऊ.

पहिली पायरी, गळते ते तेलच आहे का हे ठरवणे. रात्री गाडीखाली पांढरा पुठ्ठा सरकवा आणि त्यावर चाकांच्या खुणा व पुढची दिशा लिहून ठेवा. सकाळी डाग पाहा. तपकिरी किंवा काळे आणि बुळबुळीत असेल तर ते इंजिनचे तेल. जाड आणि गंधकासारख्या उग्र वासाचे असेल तर गिअर ऑईल. हिरवे, लाल किंवा नारिंगी, पाण्यासारखे पातळ असेल तर रेडिएटरचे पाणी. ते विषारी असते, म्हणून चव घेऊन पाहण्याच्या भरीस कुणी पडू नये आणि कुत्र्या-मांजरांनाही चाटू देऊ नये. चाकाच्या आतल्या बाजूला पिवळसर आणि रंग उडवणारा पदार्थ आढळला तर तो ब्रेकचा द्रव. त्या गाडीला हात लावू नका, ब्रेक दुरुस्त होईपर्यंत ती हलवायची नाही. आणि डाग स्वच्छ पाण्याचा असेल, गाडीला वातानुकूलन असेल, तर ते बाहेर टाकलेले दव आहे, निश्चिंत असा.

दुसरी पायरी, आंघोळ. इंजिन पूर्ण थंड हवे. बॅटरीची ऋण तार काढा. अल्टरनेटर, डिस्ट्रिब्यूटर आणि विजेच्या जोडण्या प्लॅस्टिकने झाका. मग रॉकेल आणि ब्रशने, किंवा बाजारात मिळणाऱ्या धुण्याच्या द्रवाने वरून खाली साफ करा आणि कॉटन वेस्टने कोरडे पुसा. रबरी पट्ट्यांवर रॉकेल पडू देऊ नका. आसपास बिडी नको, आणि रॉकेलचा वास पूर्ण जाईपर्यंत इंजिन सुरू करायचे नाही. ही सूचना ओलांडल्यामुळे गळतीऐवजी आगीचे काम निघते.

तिसरी पायरी, भुकटी. संशयित सांध्यांवर तोंडाला लावायची साधी पावडर हलकेच भुरभुरवा. शाळेत खडूची पूड असतेच, तीही चालेल. मात्र पट्ट्यांवर आणि अल्टरनेटरवर ती उडता कामा नये. आता गाडी दहा-पंधरा किलोमीटर चालवून आणा आणि बॅटरीच्या उजेडात, लहान आरसा हातात घेऊन पाहा. पांढऱ्या भुकटीवर तेलाची ओली रेघ काळसर उमटते. त्या रेघेचा जो सर्वांत वरचा आणि सर्वांत पुढचा ओला बिंदू, तेच गळतीचे मूळ. आजकाल तेलात घालायचा एक चमकणारा रंगही मिळतो; जंबुपार दिव्याखाली तो पिवळा-हिरवा उजळतो आणि ओघळाची वाट दाखवतो. पण पावडरीने बरीचशी कामे भागतात.

भोईवाड्यात हेच केले. गाडी दादरकडे एक चक्कर मारून आली. मागच्या सांध्याखाली एक थेंब जमू लागला होता, पण रेघ तिथे सुरू झालेली नव्हती. ती इंजिनाच्या पाठीवरून उतरत होती, आणि तिचे टोक सापडले अगदी वर, टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यात. त्या गाडीचे इंजिन किंचित मागे कललेले असल्यामुळे तेल त्याच कोपऱ्यात साठत होते. मिस्त्र्याने मग ब्रीदरची नळी काढून फुंकून पाहिली. हवा जाईना. आत दुधाच्या सायीसारखा पिवळट चिकटा भरला होता. जी गाडी दोन-तीन किलोमीटरच्याच फेऱ्या मारते तिचे इंजिन पुरते तापत नाही; आत जमलेले दव उडून जात नाही, ते तेलात घुसळले जाते आणि अशी साय धरते. म्हणजे कारणे दोन निघाली. कोपऱ्यातले पॅकिंग वाळले होते, आणि तुंबलेली श्वासनळी त्यातून तेल ढकलत होती. मागचे मेन सील ठणठणीत होते.

येथे शिक्षकबंधू-भगिनींना एक गोष्ट सांगावीशी वाटते. एकोणिसाव्या शतकात जॉन स्टुअर्ट मिल नावाचा इंग्रज तत्त्ववेत्ता होऊन गेला. कापडाच्या मिलशी त्याचा संबंध नाही बरे का! त्याच्या तर्कशास्त्रावरील ग्रंथात, जो १८४३ साली प्रसिद्ध झाला, कारण शोधण्याच्या पद्धती दिल्या आहेत. त्यांतली एक अशी की, बाकी सर्व परिस्थिती तीच ठेवून एकच गोष्ट बदलावी. परिणाम बदलला तर त्या गोष्टीचा कारणाशी संबंध आहे. मिस्त्र्याने आधी नुसती नळी साफ करून गाडी फिरवली. गळती कमी झाली, पण थांबली नाही. मग पॅकिंग बदलले तेव्हा ती थांबली. एकाच दिवशी नळी, पॅकिंग आणि सील सगळेच बदलले असते तरी गळती थांबली असती. पण कशाने थांबली हे कुणालाच कळले नसते, आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून अंधार.

आता पॅकिंग कसे बदलावे ते पाहू, कारण किरकोळ गळतीत हे काम वारंवार लागते आणि याच कामात घाई नडते. इंजिन थंड असावे. प्लगच्या तारांना क्रमांक लावून त्या बाजूला करा. बोल्ट एकदम पुरे न काढता सगळे थोडे थोडे सैल करत, कडेकडून मध्याकडे या. कव्हर चिकटले असेल तर रबरी हातोडीने बाजूने ठोका; स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटाल तर ॲल्युमिनियमच्या काठाला खाच पडेल आणि तीच पुढची गळती. जुने पॅकिंग बांबूच्या चिपेने किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडा, आणि तोवर उघड्या तोंडात स्वच्छ फडके ठेवा, म्हणजे कचरा आत पडणार नाही. फडके मोजून ठेवा आणि मोजून काढा. कव्हर काचेच्या तुकड्यावर पालथे ठेवून सपाट आहे का ते बघा. पत्र्याच्या कव्हरची बोल्टजवळची जागा पूर्वीच्या अतिआवळण्याने आत दबलेली असते. ती लाकडावर ठेवून हलक्या हातोडीने सरळ होते.

नवे पॅकिंग रबराचे असेल तर खाचेत कोरडेच बसवा. बुचाचे असेल तर त्याला जोराने आवळू नका. बोल्ट मध्यापासून कडेकडे, आलटून पालटून, दोन-तीन फेऱ्यांत आवळावेत. किती? लहान इंजिनांच्या या बोल्टांना साधारण ८ ते १० न्यूटन-मीटर पुरतात. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. पाना दहा सेंटिमीटर लांबीचा असेल आणि त्याच्या टोकाला दहा किलोचा जोर दिला तर जवळजवळ दहा न्यूटन-मीटर होतात. म्हणजे मनगटाचे काम, खांद्याचे नव्हे. अंगातला सारा जोर लावला की बुचाचे पॅकिंग पिळून बाहेर येते, कव्हर वाकते, नाहीतर ॲल्युमिनियमचा आटा निघून हातात येतो.

याहून मोठा धोका सिलिकॉनच्या ट्यूबमध्ये आहे. "वरून जाडसा थर मारा, काम झालं," असे सांगणारे भेटतात. बाहेर दाबून आलेला थर तुम्हाला दिसतो. तेवढाच थर आतल्या बाजूलाही आलेला असतो, तो दिसत नाही. त्याचा तुकडा तुटून तेलाबरोबर चेंबरात उतरतो आणि पंपाच्या तोंडाच्या जाळीत अडकतो. बेअरिंगांना तेल मिळेनासे होते, आणि थेंबभर गळतीसाठी केलेल्या दुरुस्तीने अख्खे इंजिन जाम होते. पुस्तकात सांगितले असेल तेथे, कोपऱ्यांत, मुगाच्या दाण्याएवढा ठिपका पुरे.

आणखी दोन छोट्या गळत्या गावोगावी आढळतात. एक फिल्टरची. जुना फिल्टर काढताना त्याची रबरी कडी कधी कधी इंजिनालाच चिकटून राहते. तिच्यावर नवा फिल्टर चढवला की दोन कड्या एकावर एक येतात आणि दाबाने तेल भसाभस बाहेर येते. म्हणून जुनी कडी निघाली का ते बोटाने चाचपून पाहावे, नव्या कडीला तेलाचे बोट लावावे, आणि कडी टेकल्यावर फिल्टर हातानेच सुमारे पाऊण फेरा आवळावा. दुसरी गळती चेंबरच्या ड्रेन नटची. त्याखाली तांब्याचे वायसर असते. दाबून दाबून तांबे कडक होते आणि मग सांधा भरत नाही. ते लाल होईपर्यंत तापवून थंड केले की पुन्हा मऊ होते. तांबटआळीतल्या कारागिराला ही विद्या पिढ्यान्‌पिढ्यांची ठाऊक आहे. नवे वायसर मिळत असेल तर नवेच घालावे. आडगावी अडलात तर ही युक्ती उपयोगी पडेल.

काही जण विचारतील, एवढा खटाटोप कशाला? थेंबच तर पडतो, वरून तेल घालत राहू. याचा हिशेब मुलांकडून करून घेण्यासारखा आहे. दर मिनिटाला एक थेंब पडला तर दिवसाला १,४४० थेंब झाले. तेलाचे तीस थेंब म्हणजे एक मिलिलिटर धरले तर दिवसाला ४८ मिलिलिटर आणि महिन्याला जवळजवळ दीड लिटर. लहान मोटारीच्या चेंबरात तीन-चार लिटरच तेल असते. महिनाभर कुणी गेजकाडी काढून पाहिली नाही, तर निम्म्याच्या आसपास तेल गेलेले असेल. आणि समोरचा तांबडा दिवा? तो तेलाची पातळी दाखवत नाही, तेलाचा दाब गेल्याचे सांगतो. तो चालू गाडीत पेटला तर घर जवळ आले म्हणून पुढे रेटू नका. त्याच क्षणी बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा.

तेव्हा कुठली गळती किरकोळ आणि कुठली नव्हे? सांधा नुसता ओलसर आहे, थेंब पडत नाही, तर साफ करून लक्ष ठेवावे. जुन्या इंजिनाला एवढे वय माफ आहे. रात्रीत दोन-चार थेंब पडत असतील तर सवडीने पण नक्की दुरुस्त करावे. परंतु तेल तापलेल्या सायलेन्सरच्या नळीवर पडत असेल तर धूर आणि आग यांचा धोका आहे. ते टायमिंगच्या रबरी पट्ट्यावर जात असेल तर पट्टा फुगून तुटतो, आणि बऱ्याच इंजिनांत पट्टा तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. ते क्लच-ब्रेकवर जात असेल तर गाडी वेळेवर थांबणार नाही. या तीन ठिकाणी थेंब लहान की मोठा हा प्रश्नच नाही. गाडी उभी करावी. गळती थांबवणारी औषधे बाजारात मिळतात. ती वाळलेल्या रबराला थोडे फुगवतात, त्यामुळे काही दिवस गुण येतो. फाटलेल्या सीलला किंवा तुंबलेल्या नळीला त्यांचा उपयोग नाही.

एक गोष्ट अंगाच्या काळजीची. वापरलेल्या काळ्या तेलात जळणातून आलेली कर्करोगकारक द्रव्ये असतात. लँकेशायरच्या सूतगिरण्यांत खनिज तेलाने कपडे भिजणाऱ्या कामगारांना त्वचेचा कर्करोग होत असल्याचे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नोंदले गेले. भोईवाड्याशेजारी परळलाच १९४१ साली सुरू झालेले टाटा मेमोरियल रुग्णालय आहे. ही गोष्ट तेथल्या फिटरला निराळी सांगायला नको. तेलकट चिंधी खिशात ठेवू नये, काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत, पेट्रोलने नव्हे. काढलेले तेल विहिरीच्या कडेला, ओढ्यात किंवा गटारात ओतू नये. २०१६ च्या नियमांनुसार ते घातक कचऱ्यात मोडते. डब्यात साठवून अधिकृत गोळा करणाऱ्याकडे द्यावे. दाराला किंवा कुंपणाच्या खांबांना ते फासण्याची चालही सोडावी, कारण पावसाने ते जमिनीतच उतरते.

शिक्षकांनी वर्गात एक छोटा प्रयोग जरूर करावा. एक फळी तिरकी उभी करावी, तिच्यावर दोन-तीन आडव्या पट्ट्या ठोकाव्यात, आणि वरच्या कोपऱ्यात मुलांच्या नकळत थोडे गोडे तेल सोडावे. खाली थेंब पडू लागला की विचारावे, तेल कुठून आले? बहुतेक मुले थेंबाच्या बरोबर वर बोट दाखवतील. मग फळी पुसून, खडूची पूड भुरभुरून तोच प्रयोग पुन्हा करावा. या वेळी एखादी मुलगी ओल्या रेघेवर बोट ठेवून ते वर वर नेईल आणि कोपऱ्याशी थांबेल.

त्या स्पोर्ट्स कारचे पुढे काय झाले, हे तुम्ही विचारालच. नवे पॅकिंग घातल्यावर शंभर किलोमीटर चालवून, इंजिन थंड झाल्यावर बोल्ट एकदा तपासले. पुठ्ठा आठवडाभर रोज रात्री खाली घातला. तो कोरडा राहिला. मालकाने डिकीत एक लहान वही ठेवली आहे. तिच्यात तारीख, किलोमीटर, गेजकाडीवरची पातळी आणि घातलेले तेल, एवढे चार रकाने आहेत. तुमच्या ट्रॅक्टरला आणि विहिरीवरच्या इंजिनालाही अशी एक वही आजच बांधून ठेवा.